मास्तरांच्या डायऱ्या : अण्णांच्या स्मरणिकेच्या कामाच्या नोंदी

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

अण्णा, म्हणजे आमचे वडील, संक्रांतीच्या दिवशी गेले. आज कराडच्या घरी दादा, वहिनी, ताई, मी आणि पोरं एकत्र बसलो आणि स्मरणिकेचं काम नक्की केलं. वर्षश्राद्धाला पुस्तक छापून तयार हवं. पौष वद्य प्रतिपदा पुढच्या वेळी ४ जानेवारीला येतेय, म्हणजे हातात दहा-साडेदहा महिने आहेत.

वाटणी अशी झाली. छपाई आणि पैसे दादाकडे, फोटो ताईकडे, मजकूर माझ्याकडे. भाचा स्कॅनिंग करेल आणि माझी मुलगी लोकांच्या आठवणी रेकॉर्ड करेल.

दादानं नमुना म्हणून ओळखीच्यांच्या दोन-तीन स्मरणिका आणल्या होत्या. सगळ्यांत मजकूर एकच: प्रेमळ, मनमिळाऊ, परोपकारी, कुटुंबवत्सल. नाव आणि फोटो बदलला तर कुणाचंही पुस्तक होईल. ताई म्हणाली, आपल्या पुस्तकात विशेषणं नकोतच, अण्णांनी काय केलं तेवढंच लिहू. ते मला पटलं. अण्णा पस्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, एसटीच्या भाषेत 'मास्तर'. त्यांच्या स्वभावाबद्दल आम्हाला जे काही सांगायचंय ते सगळं त्या कामात सापडायला हवं, आणि नाही सापडलं तर ते सांगण्यात अर्थ नाही.

२३ फेब्रुवारी

माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली काढली. आत खिशात मावतील अशा छोट्या डायऱ्या, वर्षवार सुतळीनं बांधलेल्या. १९६५ पासून २००० पर्यंत, म्हणजे नोकरीला लागल्यापासून निवृत्तीपर्यंत. मधली तीन वर्षं नाहीत. अण्णा रोज काहीतरी लिहितात हे आम्ही बघत आलो, पण डायरी उघडून वाचायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

आईनं परवानगी दिली. म्हणाली, "त्यात लपवण्यासारखं काय असणार, ड्युट्याच असतील."

ड्युट्याच आहेत. एका दिवसाला दोन-तीन ओळी. गाडी कुठली, मुक्काम कुठे, जोडीला ड्रायव्हर कोण, कॅश किती भरली. पण बहुतेक पानांवर खाली आणखी एक ओळ असते आणि पुस्तक त्या ओळींतूनच उभं राहणार आहे, हे आज दोन तास नुसती पानं चाळताना कळलं. 'हेळवाक, गोळ्या दिल्या.' 'पोफळी, लग्नाची तारीख कळवली.' 'मल्हारपेठ, डबा राहिला, परतीला दिला.' 'म्हातारीचे बारा आणे बाकी, उद्या.'

९ मार्च

डायऱ्यांना कसर लागलेली आहे, विशेषतः सत्तरच्या आधीच्या. भाच्यानं प्रत्येक डायरी गच्चीत सावलीत उघडून मऊ ब्रशनं झाडली. उन्हात ठेवायची नाही, शाई उडते. जिथे गंजलेल्या टाचण्या होत्या तिथे टाचणी ओढायची नाही, आधी दोन्ही टोकं सरळ करायची, मग मागून ढकलायची. स्कॅन करताना डायऱ्या ३०० डीपीआयवर (इंचाला तीनशे ठिपके), फोटो ६०० वर. मूळ टिफ फाइल वेगळी राहील, तिला कुणी हात लावायचा नाही. वाचायला आणि छपाईला नक्कल वापरायची.

एका गोष्टीची घाई होती, ती आधी उरकली. ट्रंकेत एका पाकिटात अलीकडची तिकिटं निघाली. २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. अण्णा तेव्हा ऐंशीचे होते. मोफत असलं तरी मशिनवरचं शून्य रुपयांचं तिकीट मिळतं, आणि अण्णांनी ते प्रत्येक तिकीट जपलं होतं. त्यांच्या उमेदीत तिकिटं ट्रेमध्ये असायची, किमतीप्रमाणे निरनिराळ्या रंगांची. पंचनं टप्प्यावर भोक पाडून ते हातात द्यायचे. मशिनचा कागद मात्र उष्णतेवर उमटणारा, वर्षा-दोन वर्षांत कोरा होतो. काही तिकिटांवर आत्ताच गावाचं नाव वाचता येत नाही. ती सगळी आज स्कॅन झाली.

३० मार्च, गुढीपाडवा

फाइलींना नावं देण्याची पद्धत ठरली: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग गाव. म्हणजे काही न करता सगळं तारखेनं लागतं. आईनं पुरणपोळी केली नाही, वर्ष व्हायचंय. शिरा केला.

१९ एप्रिल

१९६७ ची डायरी वाचून पूर्ण. ११ डिसेंबरच्या पानावर मी अडकले आहे.

कोयनेचा भूकंप. पहाटे सव्वाचार-साडेचारच्या दरम्यान, साडेसहाच्या आसपास तीव्रतेचा. सुमारे १८० माणसं गेली, कोयनानगरची बहुतेक घरं पडली किंवा तडकली. शाळेत आम्ही हे पाठ केलं होतं. आमचे वडील त्या रात्री तिथल्याच एका वाडीत मुक्कामी गाडी घेऊन होते, हेही ऐकून माहीत होतं. अण्णा त्याबद्दल विचारलं तर "हादरलं खरं" एवढंच म्हणायचे.

पानावर पेन्सिलीनं असं आहे: 'पहाटे भूकंप. गाडी ठीक. जखमी घेऊन पाटण, मग कराड. तिकिटे नाहीत. ट्रे पडवीत राहिला. दुसऱ्या दिवशी मिळाला. कॅश बरोबर.'

एसटीच्या माणसाला ही ओळ समजावून सांगावी लागणार नाही, पण आमच्या पोरांना सांगावी लागेल. तेव्हा मुक्कामी गाडीचा कंडक्टर तिकिटांचा ट्रे आणि पैशांची पिशवी उशाशी घेऊन झोपायचा. ट्रेमधलं एकेक तिकीट त्याच्या नावावर असायचं, हरवलं तर त्याच्या पगारातून जायचं. आम्ही लहान असताना अण्णांना झोपेत कुणी हलवलं तर डोळे उघडायच्या आधी त्यांचा हात उशाकडे जायचा. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. तो माणूस त्या पहाटे ट्रे पडवीत टाकून माणसं उचलायला गेला. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते, नोकरीला दोनच वर्षं झाली होती आणि लग्न ठरत होतं.

या एका पानासाठी पुस्तकात पूर्ण पान द्यायचं, मूळ अक्षरासकट. खाली खुलासा चार ओळींचाच. दादाला वाटतं भूकंपाची माहिती सविस्तर द्यावी. मला वाटतं ती इतरत्र भरपूर आहे, ही ओळ इतरत्र नाही.

२७ एप्रिल

ताईचं फोटोंचं काम. जुना चिकट पानांचा अल्बम फार वाईट वस्तू आहे. त्यातला गोंद पिवळा पडून फोटोच्या पाठीला धरतो. ताईनं दातांत घालायचा तो पातळ दोरा फोटो आणि पान यांच्यामध्ये सरकवून, करवत चालवावी तसा हळूहळू मागेपुढे करत फोटो सोडवले. फाटला एकही नाही. गणवेशातला एकच फोटो आहे: खाकी, छातीवर बिल्ला, गळ्यात चामड्याची पिशवी. मुखपृष्ठाला तोच.

४ मे

आज ड्रायव्हर मामांकडे गेलो. पाटणच्या पुढे, कोयनेच्या काठाला त्यांचं गाव आहे. मामा आणि अण्णा यांची जोडी वीसेक वर्षं कराड-चिपळूण मार्गावर होती. मामा चौऱ्याऐंशीचे आहेत. ऐकू कमी येतं, आठवण लख्ख आहे. अण्णा गेल्यावर ते दहाव्याला आले होते आणि कुणाशी न बोलता ओट्यावर बसून गेले होते.

मुलीनं आधीच ठरवलं होतं की "अण्णा कसे होते?" असा प्रश्न विचारायचा नाही. त्याचं उत्तर "देवमाणूस" असंच येतं. तिनं विचारलं, "मामा, कुंभार्ली घाटात धुकं असलं की तुम्ही दोघं काय करायचात?"

मामांनी खुर्ची पुढे ओढली. रेकॉर्डिंगवरून उतरवून घेतलेलं जसंच्या तसं:

"घाटमाथा सोडला की आषाढात हाताला हात दिसत न्हाय. लाइटी लावल्या तर समोर नुसती पांढरी भित्त. मग मी गाडी थांबवायचो आन् मास्तर खाली उतरायचा. बॅटरी पाठीमागं धरायची, उजेड माझ्याकडं, आन् पुढं चालायचं. मी त्या उजेडामागनं गाडी सोडायची, पहिल्या गेरवर. मागं पन्नास मान्सं. कुणी बोलत न्हाय. आन् हा गडी चालायचा दरीच्या अंगानं. मी एकदा म्हणलं, आरं मर्दा, डोंगराच्या अंगानं चाल की. तर म्हणला, डोंगर तुला दिसतोय, दरी दिसत न्हाय."

मग थोडं थांबून: "त्याचा पाय जितं पडला तितवर रस्ता हाय, एवढंच मला ठावं. मी रस्ता बघितलाच न्हाय कदी. मास्तर बघितला."

आम्ही कुणीच काही बोललो नाही. मामींनी ताक आणलं.

घाटात अण्णा असं चालायचे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. आईलाही नाही. तिला घरी आल्यावर ऐकवलं. तिनं पुन्हा लाव म्हणून सांगितलं, दोनदा ऐकलं, आणि म्हणाली, "म्हणून पावसाळ्यात चपला टिकायच्या नाहीत."

मामांचं सगळं बोलणं बोलीतच छापायचं. प्रमाण भाषेत आणलं की मामा त्यातून निघून जातील.

१ जून

एसटीचा वाढदिवस. १ जून १९४८ ला पहिली गाडी तेव्हाच्या अहमदनगरहून पुण्याला निघाली. अण्णा तेव्हा सहा वर्षांचे. दरवर्षी या दिवशी ते अंघोळ करून स्टँडवर जायचे, निवृत्तीनंतरही. चहा प्यायचे, नव्या पोरांशी बोलून परत यायचे. आज भाचा आणि मी गेलो. आगारातल्या आताच्या कंडक्टरांपैकी दोघांनी त्यांना ओळखलं होतं, "ते कुंभार्लीवाले मास्तर" म्हणून. त्यातल्या एका ताईंनी, त्याही कंडक्टर आहेत, सांगितलं की अण्णा त्यांच्या गाडीत बसले की शून्याचं तिकीट स्वतःहून मागून घ्यायचे. "मशिनमध्ये माझी नोंद झाली पाहिजे, तुमच्या फेरीत प्रवासी दिसला पाहिजे," म्हणायचे. आठवण लिहून द्यायला त्या तयार आहेत.

'गाव तिथे एसटी' असं गाडीवर लिहिलेलं असायचं ते आम्ही रोज वाचत मोठे झालो. डायऱ्या वाचताना त्याचा अर्थ जास्त कळतो. फोन नव्हते तेव्हा गाडी म्हणजे गावाचं टपाल, औषधाचं दुकान आणि खानावळ, सगळं एकत्र. पाटणच्या आतल्या गावांतली पोरं शिकायला कराडला खोली घेऊन राहायची आणि त्यांचे डबे सकाळच्या गाडीनं यायचे. डब्यावर खडूनं नाव. टपावरून नाही, ड्रायव्हरच्या मागच्या जागेत, फडक्यात गुंडाळून, कारण आमटी सांडते. स्टँडवर पोरगं आलं नाही तर अण्णा डबा कुठे ठेवायचे हे १९७८ च्या डायरीत नोंदलंय: 'चौकशी खिडकीमागे.' पुढच्या पानावर: 'पोरगे आजारी. घरी कळवले.'

१५ जून

१९७२-७३ ची पानं. त्या काळात काही महिने त्यांना दहिवडी-म्हसवडकडच्या गाड्या होत्या. दुष्काळाची वर्षं. नोंदी त्रोटक आहेत, त्यांत 'सुकडी' (कोरडा पौष्टिक आहार) हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. खडी फोडायच्या कामांवर बायामाणसांना ती मिळायची. गाडीत तिकिटाला पैसे नसलेली माणसं किती चढायची ते लिहिलेलं नाही. त्या महिन्यांत घरी आलेला पगार मात्र आईला कमी आठवतो. आम्ही यातून काहीही निष्कर्ष छापणार नाही. आईचं वाक्य तेवढं घ्यायचं.

६ जुलै, आषाढी एकादशी

वारीच्या जादा गाड्या. आषाढीला अण्णा दरवर्षी पंढरपूरला, पण ड्युटीवर. किती वर्षं पंढरपुरात असून देवळापर्यंत गेले नाहीत ते मोजून काढता येईल, ते आम्ही करणार नाही. १९८६ च्या पानावर 'कळस दिसला' एवढंच आहे. आई म्हणते घरी आल्यावर त्यांनी स्टँडवर मिळालेला बुक्का तिच्या हातावर ठेवला होता.

दिवाळी, गणपती, शिमगा, सगळ्या सणांचं हेच. आमच्या लहानपणी अण्णा सणाला घरी नसायचे आणि आम्ही त्याबद्दल त्यांच्यावर रागावलेलो असायचो. मी सर्वांत जास्त. पुस्तकात हे लिहायचंच असं मी ठरवलंय. जादा गाडी सुटते तेव्हा कुणाच्या तरी घरचा माणूस ती चालवत असतो, आणि त्या घरात त्या दिवशी एक पाट मोकळा राहतो.

१० ऑगस्ट

नातवंडांचा भाग. पाचही जणांना प्रत्येकी एक पान दिलंय, विषय एकच: आजोबांनी तुला काय शिकवलं ते कृतीसह लिही.

सगळ्यांनी, एकमेकांना न विचारता, सुट्टे पैसे लिहिले. निवृत्तीनंतर अण्णा दुपारी पोरांना घेऊन बसायचे आणि कंडक्टर-प्रवासी खेळायचे. तेराचं तिकीट, पोर वीसची नोट देतं. वजाबाकी करायची नाही. तेरावर उभं राहायचं आणि नाणी ठेवत वर चढायचं: चौदा, पंधरा, आणि पाचचं नाणं ठेवून वीस. "प्रवाशाच्या हातात आपण मोजून ठेवलं पाहिजे, म्हणजे तोही मोजतो," असं ते म्हणायचे. माझी मुलगी आता बँकेत काम करते आणि अजून तसंच मोजते.

सुट्टे नसले की तिकिटाच्या पाठीवर बाकी लिहून द्यायची, हे सगळेच कंडक्टर करतात. अण्णा ती बाकी डायरीतही उतरवायचे. त्यामुळे उतरायच्या घाईत प्रवासी विसरला तरी पुढच्या फेरीला त्याला गाठता यायचं. भाच्यानं स्कॅन केलेल्या पानांत अशा नोंदी शोधल्या. गावाचं नाव आणि ओळखीची खूण: 'लाल फेटा, येराड, चार आणे.' 'कडेवर मूल, शिरगाव, आठ आणे.' पुढे 'दिले' असं लिहून काट मारलेली. क्वचित काट नाही. भाच्याला वाटतं, काट न मारलेल्या नोंदींचं एक पान पुस्तकात असावं. फार चांगली कल्पना आहे.

१४ सप्टेंबर

आज अवघड विषय घेतला. अण्णा आणि धाकटे काका यांच्यात जमिनीच्या वाटणीवरून तेढ होती आणि बरीच वर्षं बोलणं नव्हतं. काका वारले तेव्हा अण्णा त्यांच्या घरी गेले, पण दारात उभे राहिले. ताईचं म्हणणं, स्मरणिकेत हे कशाला. दादाचं म्हणणं, सगळ्या भावकीला माहीत आहे, न लिहिलं तर लोक बाकीचंही खोटं धरतील. मला दादाचं पटतं.

पण हा विषय एकट्या आमच्या घरचा नाही. म्हणून चुलत भावाला फोन केला. तो गावाकडे असतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "लिहा. पण हेही लिहा की माझी दहावीची पुस्तकं मोठ्या चुलत्यांनी गाडीनं पाठवली होती. बांध सोडून बाकीचं चालू होतं." ही गोष्ट आम्हाला ठाऊक नव्हती. त्या वर्षाची डायरी काढली. जूनमध्ये नोंद आहे: 'गावी पुस्तके.' कुणासाठी ते लिहिलेलं नाही.

दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात जातील. चुलत भाऊ वर्षश्राद्धाला येणार आहे.

२२ ऑक्टोबर, दिवाळी पाडवा

माझ्या जन्माची नोंद सापडली. शोधत नव्हते, १९७४ च्या डायरीचं टंकन तपासताना आली.

'हेळवाक मुक्काम. सकाळच्या पहिल्या गाडीच्या मास्तरांकडून निरोप, काल रात्री मुलगी झाली, दोघी ठीक. फेरी पूर्ण करून संध्याकाळी घरी. पेढे चिपळूण.'

आयुष्यभर दुसऱ्यांचे निरोप पोचवणाऱ्या माणसाला स्वतःच्या मुलीचा निरोप तसाच मिळाला. चिपळूणच्या स्टँडसमोर पेढे घेतले, ते घाट चढून आले आणि वाटेत उतारूंना वाटून किती उरले असतील कोण जाणे. आई म्हणते पुडा अर्धा होता.

मी आज पुढचं काम केलं नाही.

९ नोव्हेंबर

छपाई. पाने ११२, म्हणजे सोळा पानांचे सात फर्मे, एकही पान कोरं जात नाही. आतला कागद ८० जीएसएम मॅपलिथो, फोटो आणि डायरीची पानं मधल्या आर्ट पेपरवर. बांधणी शिवून. गोंदावरची स्वस्त पडते, पण दहा वर्षांत पानं सुटतात.

आमचा मजकूर युनिकोडमध्ये आहे आणि प्रेसचं जुनं सॉफ्टवेअर वेगळ्या फॉन्टवर चालतं. रूपांतर करताना रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात. 'कुंभार्ली' हा शब्द प्रत्येक ठिकाणी तपासायचा. मामांच्या बोलीतले शब्द प्रेसमधल्या मुलानं आपणहून 'शुद्ध' केले होते, ते सगळे परत मूळचे केले. अशा पुस्तकाचं काम कुणी करणार असेल त्यांना सांगावंसं वाटतं की पहिलं प्रूफ कागदावर घ्या आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवा. आईनं ऐकता ऐकता दोन गावांचा क्रम, एका ड्रायव्हरचं आडनाव आणि माझ्या आत्याच्या लग्नाचं साल दुरुस्त केलं.

३० नोव्हेंबर

यशवंतराव चव्हाणांचं १९८४ साली निधन झालं त्या आठवड्यातली पानं दादाला हवी होती, ती मिळाली. 'गर्दी. टपावरही माणसे. बेल न देता गाडी हळू.' कराडकर वाचकांना याहून जास्त सांगावं लागणार नाही. शेवटच्या फर्म्यात जागा केली. फायनल प्रूफवर आईची सही घेतली. तिला ते आवडलं.

४ जानेवारी २०२६, रविवार

वर्षश्राद्ध झालं. ड्रायव्हर मामांना त्यांचा नातू मोटारीनं घेऊन आला. पुस्तकाची पहिली प्रत आईच्या हातात, दुसरी मामांच्या. मामांनी स्वतःचं पान काढून घेतलं, चष्मा लावला, वाचलं आणि म्हणाले, "मी बोललो तसंच लिवलंय." चुलत भाऊ पंगतीत दादाच्या शेजारी बसला. आगारातून सहा-सात जण गणवेशातच येऊन गेले, ड्युटीच्या मधल्या वेळात.

१८ जानेवारी

प्रतींची व्यवस्था: कराडच्या नगर वाचनालयाला दोन, पाटणच्या वाचनालयाला एक, आगारातल्या विश्रांतिगृहाला दोन. मूळ डायऱ्या आम्लविरहित कागदात गुंडाळून पत्र्याच्या नव्या पेटीत, आईच्या खोलीत. माळ्यावर परत नाही, पत्र्याखाली उन्हाळ्यात तिथे भट्टी असते. टिफ फाइली दोन हार्ड डिस्कवर, एक पुण्यात माझ्याकडे, एक दादाकडे.

पुस्तक वाचून फोन येतायत. काल हेळवाकच्या बाजूच्या एका गृहस्थांचा आला. काट न मारलेल्या नोंदींच्या पानावर १९७९ मधली एक ओळ आहे: 'घोंगडीवाले, घाटमाथा, एक रुपया.' ते म्हणाले, ते आमचे वडील असणार, त्या थांब्यावर घोंगडी विकायला तेच बसायचे. आणि तो रुपया मिळाला होता. अण्णांनी दुसऱ्या फेरीला दिला, वडील घरी सांगत असत. नोंदीवर काट मारायची तेवढी राहिली असणार.

पुढच्या रविवारी मुलगी आणि भाचा त्यांच्याकडे रेकॉर्डिंगला जाणार आहेत. मामांनाही वाटेत घेतील, त्यांना घाटमाथ्यापर्यंत यायचंय. हरवलेल्या तीन वर्षांपैकी एका वर्षाची डायरी आत्याच्या कपाटात असेल असं आईला वाटतं. आत्याला आज फोन लावला, लागला नाही. उद्या परत.